काशीचं पाकीट

आमच्या साताऱ्याच्या घरात लोखंडी कपाटाच्या खणात आईची पाच पाकिटं असायची. दूध, वाणी, शाळेची फी, औषधपाणी, आणि पाचव्यावर निळ्या शाईत एकच शब्द लिहिलेला: काशी. वडिलांचा पगार झाला की आधीची चार भरायची, आणि काही उरलंच तर पाचव्यात दहा-वीस रुपये पडायचे. त्या पाकिटातून भावाच्या कॉलेजची फी गेली, एका पावसाळ्यात घरावरची कौलं बदलली, माझ्या लग्नातली दोन पातळंही त्यातूनच आली. आई काशीला पोचली तेव्हा ७२ वर्षांची होती. दशाश्वमेध घाटावर ती वरच्याच पायरीवर बसून राहिली, कारण खाली उतरायला गुडघे तयार नव्हते. मी तांब्या भरून वर आणला आणि तिच्या ओंजळीत पाणी घातलं. त्या वेळी आमच्या घरी पैशांची काही अडचण उरलेली नव्हती.

मी स्वतः एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षं काढली. तिथं मला आईच्या अगदी उलट माणसं भेटत गेली. मनसोक्त फिरून आलेली, मोबाइलवर फोटो दाखवणारी, आणि त्याच फिरण्याचे हप्ते थकलेली. आज विचार करते तेव्हा दोघांची चूक मला एकच दिसते. प्रवासाला त्यांच्या हिशेबात स्वतःची जागा नव्हती. आईने तो शिल्लकीवर सोडला होता आणि या मंडळींनी उसनवारीवर. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच: प्रवासाचा पैसा पगाराच्या दिवशीच बाजूला काढा, आणि अंगावर येणारे प्रवास आधी करा, खिशावर येणारे नंतर. किती काढायचा आणि कुठे जायचं, हे मात्र वयाप्रमाणे बदलत जातं.

नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींपासून सुरुवात करते. हातात ३० हजार पडत असतील तर पगार जमा होईल त्याच दिवशी १,५०० रुपये आपोआप आवर्ती ठेवीत जाऊ द्या. त्याच दिवशी ३,००० रुपये लांबच्या बचतीत: पीपीएफ, एनपीएस किंवा म्युच्युअल फंडाची एसआयपी, तुम्हाला जे नीट समजलंय ते. प्रवासाला एक रुपया तर म्हातारपणाला दोन, हे प्रमाण मी माझ्या दोन्ही मुलांना घालून दिलं होतं. या दोन्हींच्या आधी मात्र किमान तीन महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी आणि आरोग्य विमा हवा. गंगाजळी हा शब्द मुळात काशीहून आणलेल्या पाण्याच्या भांड्याचा. ते भांडं देवघरात बंद असायचं आणि अखेरच्या वेळीच उघडलं जायचं. अडीअडचणीचा पैसाही तसाच राखायचा. मनालीला जाण्यासाठी त्याचं झाकण काढायचं नाही.

वर्षाचे १८ हजार म्हणजे फार नाहीत असं वाटेल. पण या वयात तुमच्याकडे जे आहे ते पुढे कधीच नसेल: रात्रभर बसून प्रवास करू शकणारी पाठ, आणि सकाळी उतरून लगेच डोंगर चढू शकणारे पाय. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे एसटी किंवा जीप, आणि बारी गावातून कळसूबाई. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, मुंबईकराला हजार रुपयांच्या आत. पुणेकराला गुंजवण्याहून राजगड त्याहून स्वस्त. पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर जा, गावातल्या घरी पिठलं-भाकरी सांगा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. असे पाच-सहा डोंगर करूनही वर्षाकाठी एका लांबच्या रेल्वेप्रवासापुरते पैसे उरतात. यूथ होस्टेल्स असोसिएशनच्या मोहिमा गेली कित्येक वर्षं मध्यमवर्गीय मराठी मुलांना हिमालयात घेऊन जात आहेत. सार पाससारखा ट्रेक पंचविशीत करायचा असतो. पन्नाशीत तो जमतो, नाही असं नाही, पण तेव्हा आधी डॉक्टरांना विचारावं लागतं.

या वयातला मोठा धोका म्हणजे हप्त्यावरची सहल. बँकेत मी जी आकडेमोड अनेकांना करून दाखवली ती इथेही करते. १ लाख २० हजारांची परदेशवारी, १६ टक्के व्याज, २४ हप्ते. दरमहा साधारण ५,८७५ रुपये, म्हणजे एकूण १ लाख ४१ हजार. आता उलट करा. आधी दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाका. मुदतीला जवळपास १ लाख २८ हजार हातात येतात. पहिल्या वाटेने २१ हजार जातात, दुसऱ्या वाटेने ८ हजार येतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलत नेलीत तर व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं, तो हिशेब तर मांडूच नये. मधुचंद्रासाठी कर्ज काढायला आलेल्या जोडप्यांना मी नेहमी एकच सुचवायचे: रोख आहेर आला असेल त्यातली निम्मी रक्कम घ्या आणि तिच्यात बसेल तिथे जा. संसाराच्या पहिल्याच महिन्यात हप्ता नको.

मुलं लहान असताना लोक दोन टोकांना जातात. काही जण पाच वर्षं घराबाहेरच पडत नाहीत, तर काही तीन वर्षांच्या बाळाला घेऊन सिंगापूर गाठतात. दुसऱ्यांना माझं सांगणं, ते पैसे ठेवून द्या. त्या वयाच्या मुलाला गणपतीपुळ्याची वाळू आणि एसटीची खिडकी पुरते. शिवाय रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला शयनयानात बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ घेतला की पूर्ण. म्हणजे आजोळ, गाव, कोकण, कुलदैवत हे सगळं या काळात स्वस्तात होतं, आणि मुलाला आपल्या माणसांची ओळखही होते. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की प्रश्न विचारायला लागतं. तेव्हा अजिंठा-वेरूळ, हंपी, जयपूर असा थोडा मोठा खर्च करा. तो सत्कारणी लागतो.

शाळेच्या सुट्ट्यांमुळे सगळ्यांना एकाच वेळी निघावं लागतं हे खरं. म्हणूनच तारखा आधी ठरवा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू व्हायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असेल तर मार्चचा पहिला आठवडा कॅलेंडरवर लाल करून ठेवा. दिवाळीत भाऊबीज उरकून दोन-तीन दिवसांनी निघालात तर राहण्याचे दर पुष्कळ उतरलेले असतात. पावसाळ्यात कोकणात खोल्या स्वस्त मिळतात, मात्र त्या दिवसांत समुद्रात उतरता येत नाही आणि जंजिरा, सिंधुदुर्ग या किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, हे मुलांना आधी सांगा.

पगारदारांनी रजा प्रवास सवलत, म्हणजे एलटीए, एकदा नीट समजून घ्यावी. चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांवर ती मिळते. २०२२ ते २०२५ हा एक गट, २०२६ ते २०२९ हा पुढचा. फक्त देशातला प्रवास, आणि त्यातही फक्त भाडं. हॉटेल आणि जेवण त्यात धरत नाहीत. आधीच्या गटातला एक प्रवास राहून गेला असेल तर तो पुढच्या गटाच्या पहिल्या वर्षात वापरता येतो. मात्र प्राप्तिकराची नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सूट मिळत नाही. त्यामुळे कोणती प्रणाली घ्यायची हे ठरवताना एवढ्या एका गोष्टीवर जाऊ नका, सगळ्या वजावटी मांडून बघा.

आता चाळिशी. या वयाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण बहुतेक घरांत नेमका इथेच प्रवास बंद पडतो. घराचा हप्ता असतो, मोठीची दहावी, धाकट्याचा क्लास, मग बारावी, मग प्रवेश. एकेक वर्ष करता करता दहा वर्षं जातात. मी म्हणत नाही की मुलांच्या शिक्षणाचा पैसा फिरण्यावर घाला. या काळात प्रमाण बदला: प्रवासाला एक रुपया, तर शिक्षण आणि म्हातारपण मिळून चार. पण तो एक रुपया शून्यावर आणू नका. दोन दिवस, एक रात्र, घरापासून दीडशे किलोमीटरच्या आत, वर्षातून तीनदा. दहावीच्या वर्षातही मूल दोन दिवस पुस्तकापासून दूर गेलं तर त्याचं काही बिघडत नाही.

याच वयात आईवडील सत्तरीकडे सरकत असतात. माझ्या मते चाळिशीतल्या माणसाच्या प्रवासाच्या पैशावर पहिला हक्क त्यांचा आहे. मुलांपुढे साठ वर्षं आहेत, त्यांच्यापुढे फिरण्याजोगी पाच-सात. काही दारं तर नियमानेच बंद होतात. अमरनाथ यात्रेला १३ ते ७० वर्षांच्याच व्यक्तींची नोंदणी होते, तीही आरोग्य प्रमाणपत्र देऊन. परराष्ट्र मंत्रालयातर्फे होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेची मर्यादा १८ ते ७० आहे. केदारनाथला गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे आणि मंदिर साडेतीन हजार मीटरपेक्षा उंचावर आहे. तिथे वयाचा नियम आड आला नाही तरी श्वास आड येतो. म्हणून आईवडिलांची यादी करताना चढणीची ठिकाणं वर लिहा. काशी, रामेश्वर, द्वारका, पुरी खाली आली तरी चालतील. महाराष्ट्रातसुद्धा हे बघता येतं. वणीच्या सप्तशृंगी गडावर आता ट्रॉली आहे आणि रायगडाला रोपवे, ती ठिकाणं उशिरा करता येतात. जिथे पायऱ्यांना पर्याय नाही तिथे लवकर न्या.

चाळिशीतली आणखी एक चूक मी बँकेत पुन्हापुन्हा पाहिली. गृहकर्जावर वाढीव कर्ज स्वस्त मिळतं म्हणून लोक त्यातून युरोप करून येतात. तीन लाख, ९ टक्के, मुदत उरलेल्या गृहकर्जाइतकी, म्हणजे समजा १५ वर्षं. हप्ता फक्त ३,०४३ रुपये, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. पण १५ वर्षांत भरले जातात जवळपास ५ लाख ४८ हजार. ज्या मुलीला आयफेल टॉवर दाखवला ती शिकून, लग्न होऊन सासरी गेली तरी हप्ता चालूच.

आणि एक सावधगिरी, जी मला स्वतःला महागात पडली. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली असताना एका हॉटेलात चहापानाला बोलावून आम्हाला पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या विकल्या गेल्या. दर वर्षी सात दिवस, कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी. बँकेत काम करणारी मी, तरी त्याच संध्याकाळी सही केली. पुढे मेमध्ये आम्हाला हवी ती जागा कधीच रिकामी नसायची, आणि आम्ही गेलो किंवा नाही गेलो, देखभालीचं वार्षिक बिल मात्र न चुकता यायचं, दर वर्षी थोडं वाढून. बाहेर पडताना भरलेल्या रकमेतलं फार थोडं परत मिळालं. त्यानंतर मी नियम केला: जो विक्रेता आजच सही करा म्हणतो, त्याच्याकडे सही करायची नाही. पाच-पंचवीस वर्षांच्या सहली आगाऊ विकत घेण्यापेक्षा तोच पैसा स्वतःच्या नावाच्या ठेवीत ठेवा. मन बदललं, आजारपण आलं, तर तो तुमचाच असतो.

पन्नाशीत मुलं हाताशी येतात आणि नोकरीची शेवटची आठ-दहा वर्षं उरतात. आता दोन्ही बाजू एकदम वाढवता येतात. पगार वाढलेला असतो, कर्ज संपत आलेलं असतं. जो हप्ता संपेल त्याची निम्मी रक्कम निवृत्तीच्या बचतीत आणि पाव भाग प्रवासाला वळवा. मोठा परदेश प्रवास करायचा असेल तर तो या दशकात करा. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. असे खर्च सहलीच्या जाहिरातीतल्या आकड्यात धरलेले नसतात. प्रवासी कंपनीकडे विचारायचे प्रश्न लिहून न्या: व्हिसा, जीएसटी, टिप, विमा, दुपारची जेवणं यातलं काय आत आणि काय बाहेर? परदेशी सहलीच्या पैशांवर टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरताना जमेला धरता येतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात, त्याची सोय आधी करावी लागते. एकट्या बाईने विशेष करून विचारावं की स्वतंत्र खोलीचे जादा किती, आणि खोली वाटून घेणारी जोडीदारीण कंपनी शोधून देते का. मी वैधव्यानंतर दोन सहली अशा खोली वाटून केल्या. त्यातली एक जोडीदारीण आज माझी जवळची मैत्रीण आहे.

मुलगा-मुलगी अमेरिकेत असलेल्यांचा हिशेब वेगळा. तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च नाही म्हणून लोक निश्चिंत जातात आणि विम्यात काटकसर करतात. तिथल्या रुग्णालयाचं एक बिल इथली आयुष्यभराची बचत धुऊन नेऊ शकतं. आधीपासून असलेल्या रक्तदाब-मधुमेहाला विमा कितपत संरक्षण देतो, ही ओळ स्वतः वाचा. मुलांवर सोडू नका.

सहलीसाठी मैत्रिणींची भिशी हा आपल्याकडचा उत्तम उपाय आहे, फक्त थोडी शिस्त हवी. आम्ही बारा जणींनी चिठ्ठ्या काढून पैसे वाटून घेणं बंद केलं. दरमहा प्रत्येकी १,५००, तिघींच्या सहीचं खातं, आणि दर जानेवारीत एक सहल. वर्षाला प्रत्येकीचे १८ हजार होतात, त्यात मदुरै-रामेश्वर झालं, कच्छ झालं. एखादीला यायला जमलं नाही तर तिचे पैसे परत. व्याजाचं आमिष दाखवणाऱ्या बाहेरच्या माणसाच्या भिशीत मात्र एक रुपयाही टाकू नका.

निवृत्तीच्या दिवशी खात्यात एकदम मोठी रक्कम येते आणि घरातले सगळे सहलीचं बोलायला लागतात. त्या रकमेला पहिले सहा महिने हात लावू नका. ती उत्पन्न देईल अशी मांडा आणि उत्पन्नातून फिरा. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरच्या माणसाला सोयीची आहे. कमाल ३० लाख ठेवता येतात, आणि खातं उघडतानाचा दर पाच वर्षं कायम राहतो. समजा ८.२ टक्के दराने १५ लाख ठेवले, तर दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला ते जमा होतात. तीन हप्ते घराला आणि ऑक्टोबरचा प्रवासाला. पाऊस ओसरलेला असतो, थंडी सुरू व्हायची असते, आणि मुद्दल जागेवर असतं. साठ ते सत्तर या दहा वर्षांत मी हात थोडा सैल सोडायला सांगते. आधी दोन रुपये ज्या म्हातारपणासाठी ठेवले, त्याचा चालता-फिरता भाग हाच आहे.

सवलतींची माहिती अनेकांकडे जुनी असते. रेल्वेत ज्येष्ठांना मिळणारी भाड्यातली सूट, पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये बंद झाली. खालच्या बर्थचा राखीव कोटा मात्र आहे, पुरुषांना ६० वर्षांपासून आणि स्त्रियांना ४५ पासून, त्यामुळे आरक्षण करताना वय बरोबर टाका. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात प्रवास मोफत आहे. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही मिळतो. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ ही पाच ज्योतिर्लिंगं महाराष्ट्रातच आहेत आणि पाचही ठिकाणी एसटी जाते.

पंचाहत्तरीनंतर ठिकाणांची संख्या कमी करा आणि मुक्काम वाढवा. रोज बॅग भरणं-उघडणं या वयाला सोसत नाही. शेगावच्या संस्थानाचं भक्तनिवास स्वच्छ आहे आणि साध्या माणसाला परवडतं. तिथे किंवा तशा एखाद्या शांत गावी चार-पाच दिवस राहिलात तर दगदग होत नाही आणि खर्चही बेताचा राहतो. औषधांची चिठ्ठी, विम्याचं कार्ड आणि एका तरुण नातेवाइकाचा फोन नंबर पर्सच्या पहिल्याच कप्प्यात ठेवा.

आज रात्री जेवताना आईवडिलांना, सासू-सासऱ्यांना विचारा की अजून कुठे जायचं राहिलंय. ते नाव लिहून घ्या, शेजारी त्यांचं वय लिहा, आणि उद्या बँक उघडली की त्या नावाची आवर्ती ठेव सुरू करा, बारा महिन्यांची. त्याहून लांब मुदतीची नको.